शेतकऱ्याची निवृत्ती आणि सत्तरीचे कार्ड



या सदरात आपण नेहमी बियाणे, खते, कीड आणि रोग यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण शेताबाहेरचा नाही. नोकरीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. पाऊस दगा देतो तेव्हा एक हंगाम जातो. भाव पडतो तेव्हा एका वर्षाची कमाई जाते. पण घरात एक मोठे दुखणे शिरले, की जमिनीचा तुकडाच जातो, आणि गेलेला तुकडा सहसा परत येत नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दवाखान्याच्या खर्चाची तजवीज हाही मी शेतीचाच विषय मानतो.

आम्हा सरकारी नोकरांचे एका बाबतीत बरे असते. राज्य शासनात आमच्यासारख्यांना ५८व्या वर्षी निवृत्त करतात. त्याच्या कितीतरी आधीपासून कचेरीतला कारकून मागे लागतो, "साहेब, फोटो आणा, वारसाचे नाव द्या, अर्जावर सही करा." आपण विसरलो तरी कचेरी विसरत नाही. शेतकऱ्याला मात्र निवृत्तीचा दिवसच नाही. साठी उलटली तरी कासरा हातातून सुटत नाही. सत्तरी आली तरी रात्रीची वीज आली, की तोच म्हातारा कंदील नाहीतर बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो. निवृत्तीचा दिवस नाही, म्हणून "आता तुमचे वय झाले, हा कागद पुरा करा" असे सांगायलाही त्याच्या दारी कोणी येत नाही. ते सांगण्याचे काम आज या सदरातून करतो.

सत्तरीचे कार्ड म्हणजे काय?

केंद्र सरकारची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिच्यात पात्र गरीब कुटुंबांना दवाखान्यात दाखल होऊन घ्याव्या लागणाऱ्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्या यादीत नाव असेल त्यालाच लाभ, असा तिचा नियम. त्यामुळे बागायती घर, नोकरदाराचे घर, दोन खोल्यांचे पक्के घर असलेली पुष्कळ मंडळी बाहेर राहिली. घर पक्के असले म्हणजे खिशात पाच लाख असतात असे नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढे ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न न पाहता, या योजनेत घ्यायचे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तो अमलात आला. या मंडळींना जे स्वतंत्र कार्ड मिळते त्याचे नाव 'आयुष्मान वय वंदना कार्ड'. आपण त्याला सोपे म्हणून सत्तरीचे कार्ड म्हणू.

या कार्डाला जमीन किती, घर कसले, मुलगा नोकरीला आहे का, हे काही पाहिले जात नाही. दोन एकरवाला कोरडवाहू शेतकरी, पंचवीस एकरांचा ऊस बागायतदार आणि ज्याच्या नावावर गुंठाही नाही तो सालगडी, तिघांनाही ते सारखेच मिळते. हप्ता भरायचा नाही. आधीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास आड येत नाही. कार्ड झाल्यावर अमुक महिने थांबा अशी अटही नाही.

किती आणि कोणाला?

घरात सत्तरी ओलांडलेले नवरा-बायको दोघे असतील तर दोघांत मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर घरच्या पाच लाखांखेरीज सत्तरीच्या मंडळींसाठी आणखी ५ लाखांपर्यंतची वेगळी सोय. ती घरातल्या इतरांशी वाटून घ्यावी लागत नाही. म्हणजे नातवाच्या ऑपरेशनवर घरचे पैसे खर्ची पडले, तरी आजोबांच्या वाट्याचे तसेच राहतात.

इथे पुष्कळांची एक चुकीची समजूत असते. वडिलांचे कार्ड झाले म्हणजे आईचेही झाले, असे धरून चालतात. तसे नाही. हे कार्ड माणसाच्या स्वतःच्या वयावर आहे. आपल्याकडे आई वडिलांपेक्षा पाच-सात वर्षांनी लहान असते. वडील ७१ आणि आई ६५ असेल, तर आईचे सत्तरीचे कार्ड आज निघणार नाही. तिच्यासाठी तोवर राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३च्या नोव्हेंबरपासून साऱ्या राज्यात आली, आणि २०१७ साली तिला आजचे नाव मिळाले. पूर्वी तिच्यात कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. २०२४ पासून ते ५ लाख झाले आणि पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबेही तिच्यात आली.

पण या योजनेचा आधार रेशनकार्ड आहे, आणि इथेच गावात घोळ होतो. भाऊ-भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, रेशनकार्डही वेगळे होते. मोठ्याला वाटते आईचे नाव धाकट्याच्या कार्डात आहे, धाकट्याला वाटते ते मोठ्याकडे आहे. बघायला जावे तर म्हातारीचे नाव कोणाच्याच कार्डात नाही. वाटणीत बैल, विहिरीची पाळी आणि आंब्याची झाडे आठवणीने लिहून घेणारे आपण आईचे नाव लिहायचे विसरतो! तेव्हा हा अंक बाजूला ठेवलात, की फळीवरचे रेशनकार्ड काढा आणि आईचे नाव बोट ठेवून वाचा. नसेल तर तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या.

आणखी एक सूचना माजी सैनिकांसाठी. ज्यांना माजी सैनिकांची आरोग्य योजना किंवा केंद्र सरकारच्या नोकरांची आरोग्य योजना आहे, त्यांना आपली जुनी योजना किंवा हे कार्ड यांपैकी एकच निवडावे लागते. त्यांनी घाई करू नये. जवळ कोणते दवाखाने आहेत आणि रोजची औषधे कोठून मिळतात हे पाहून ठरवावे. खाजगी कंपनीचा विमा घेतलेल्यांना मात्र ही अडचण नाही. तो विमा ठेवून सत्तरीचे कार्डही काढता येते.

मुदत नाही, हीच खरी अडचण

खरिपाच्या पीकविम्याची मुदत जवळ आली, की सेवा केंद्रासमोर केवढी रांग लागते ती तुम्ही पाहिली आहे. पावसात भिजत, सातबारा पिशवीत गुंडाळून माणसे उभी राहतात. का? कारण शेवटची तारीख ठरलेली असते. ती गेली की गेली.

सत्तरीच्या कार्डाला शेवटची तारीख नाही. सत्तर वर्षे पुरी झाली की आज काढा, सहा महिन्यांनी काढा, चालते. ऐकायला ही सवलत वाटते, पण त्यामुळेच कार्ड निघत नाही. आज कांद्याची लागण आहे, उद्या लग्न आहे, परवा बाजार आहे. काम पुढे सरकत जाते आणि एका रात्री छातीत कळ येते. मग मुलगा रात्री दोन वाजता आधार कार्ड शोधतो. ते बँकेच्या कागदांत असते. त्यातले नाव एक आणि रेशनकार्डातले दुसरे. ओटीपी ज्या मोबाइलवर यायचा तो नंबर तीन वर्षांपूर्वीच बंद पडलेला. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणजे काय, ते अशा रात्री कळते.

दाखल झाल्यावर कार्ड काढताच येत नाही असे नाही, योजनेतल्या दवाखान्यातही ते निघू शकते. पण घरात घाबरगुंडी उडालेली असताना जे चार तास कागदांत जातात, ते रोग्याचे असतात. शिवाय कार्ड हाताशी नसले, की घाईत जो पहिला दवाखाना दिसेल तिथे गाडी वळते. तो योजनेत आहे की नाही हे कोणी विचारत नाही, आणि एकदा अनामत भरली की तिथून रोग्याला हलवायचा धीर होत नाही.

माझ्या ओळखीच्या एका गावात असेच झाले. आबा दोन महिने चालताना छातीवर हात ठेवायचे. विचारले तर म्हणायचे, "पित्त आहे रे. सोयाबीनची पट्टी येऊ दे, मग बघू." पट्टी यायच्या आत झटका आला. शहरात नेले, जीव वाचला. पण दोन्ही मुलांनी हातउसने घेतले, गाय विकली, आणि रस्त्याकडेची वीस गुंठे जमीन लिहून दिली. आबा गावात सगळ्यांना ठाऊक असल्याप्रमाणे पंचाहत्तरीचे, पण कार्ड मात्र काढलेले नव्हते. का, तर आधारावर वय ६८!

आधारातले वय आजच तपासा

या योजनेत वय ठरते ते आधार कार्डावरून. गावात तुम्ही किती वर्षांचे समजले जाता याला तिथे किंमत नाही.

आपल्या पिढीजात अडचणी तुम्हाला ठाऊक आहेत. घरी जन्म, नोंद नाही. शाळेत घालताना गुरुजींनी सोयीची म्हणून १ जून ही तारीख टाकली. आज गावात निम्म्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो तो यामुळेच. जे शाळेत गेलेच नाहीत, त्यांचे वय आधार काढताना समोर बसलेल्या पोराने चेहरा पाहून विचारले, "आजी, साठ लिहू का?" आजी म्हणाली, "लिही बाबा." तो आकडा आज आडवा येतो.

आधारातली जन्मतारीख दुरुस्त करता येते, पण साधारणपणे एकदाच. म्हणून पुरावा जमवल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका. आधी ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मनोंदी पाहा. शाळेत गेला असाल तर शाळेच्या जुन्या रजिस्टरातून दाखला काढा. कोणता पुरावा चालतो हे आधार केंद्रावर किंवा १९४७ या क्रमांकावर आधी विचारा, मगच अर्ज करा.

मात्र एक स्पष्ट सांगतो. खरे वय ६६ असताना पुरावा बनवून ते ७१ करून देणारे दलाल तालुक्याच्या गावी भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. आधारातली तारीख बँकेत, पेन्शनमध्ये, वारसनोंदीत सगळीकडे जाते. एके ठिकाणी खोटे केले की दहा ठिकाणी जुळत नाही, आणि मिळणारेही थांबते.

कार्ड काढायचे कसे?

काम एका दिवसाचे आहे. क्रमाने सांगतो.

पहिले, आधार कार्ड घ्या. या कार्डासाठी मुख्य कागद तोच आहे. रेशनकार्ड बरोबर असू द्या, नाव-पत्ता जुळवायला उपयोगी पडते.

दुसरे, आधाराला कोणता मोबाइल जोडला आहे ते पाहा. बहुतेक म्हाताऱ्यांच्या आधाराला पुण्या-मुंबईतल्या मुलाचा नंबर असतो. मग ओटीपी तिकडे जातो आणि मुलगा कामावर असल्याने फोन उचलत नाही. त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

तिसरे, गावातल्या किंवा जवळच्या सेवा केंद्रावर, नाहीतर योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे जा. गावच्या आशाताईंना विचारा, गावात शिबिर असेल तर त्या सांगतील. शिकलेली नात किंवा नातू घरात असेल, तर 'आयुष्मान' नावाच्या सरकारी ॲपवर हे काम घरबसल्याही होते.

चौथे, ओळख पटवणे. जन्मभर माती, चुना आणि ऊस हाताळलेल्या हातांवर रेषा राहत नाहीत. मशीनवर अंगठा उमटत नाही, मग म्हातारा माणूस ओशाळतो, जणू त्याचाच काही गुन्हा. ओशाळू नका आणि परतही फिरू नका. अंगठा नाही उमटला तर ओटीपीने, डोळ्यांच्या मशीनने किंवा चेहऱ्याच्या फोटोने ओळख पटवण्याची सोय आहे. केंद्रचालकाला तसे स्पष्ट सांगा.

पाचवे, कार्ड हाती आले की नाव, वय आणि फोटो तपासा. दोन छायाप्रती काढा. एक घरात देवळीत किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा, दुसरी मुलाकडे द्या. मूळ कार्ड आणि आधार एकाच पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कोठे आहे हे सुनेलाही माहीत असू द्या. आजारपणात धावपळ तीच करते.

या कार्डाला सरकारी फी नाही. "कार्ड मंजूर झाले, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ओटीपी सांगू नका. ओटीपी द्यायचा तो समोर बसलेल्या माणसाला, आपले काम आपल्या डोळ्यांसमोर चालू असताना.

दवाखान्यात गेल्यावर

दाखल व्हायचे ते योजनेतल्या दवाखान्यातच. अशा दवाखान्यात दाराजवळ योजनेचे टेबल आणि तिथे आरोग्यमित्र असतो. अनामत भरण्याच्या खिडकीकडे जाण्याआधी त्याच्याकडे जा. तो कार्ड तपासतो, दवाखाना उपचाराची मंजुरी मागवतो, आणि मंजुरी आल्यावर त्या उपचाराचे पैसे योजना परस्पर दवाखान्याला देते. तुम्ही आधी भरा आणि मग परत मिळवा, असा हा मामला नाही. तातडीचा रोगी असेल तर उपचार थांबवून कागदाची वाट पाहायची नसते, पण आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठले पाहिजे.

हृदयाची नळी फुगवून स्टेंट बसवणे, बायपास, मूत्रपिंडाचे डायलिसिस, कर्करोगाची औषधे व किरणोपचार, मोडलेल्या खुब्याचे ऑपरेशन असे मोठे उपचार यात बसतात. आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुटल्यानंतरचे १५ दिवस यांतल्या तपासण्या व औषधे यांचाही समावेश आहे. मुलाकडे परराज्यात गेला असाल, तर योजना चालू असलेल्या त्या राज्यातल्या दवाखान्यातही कार्ड चालते.

योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कोणी वरचे पैसे मागितले, तर भांडत बसू नका. पावती मागा, आणि आयुष्मान योजनेच्या १४५५५ या, किंवा राज्याच्या योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर तिथूनच फोन करा. दोन्ही क्रमांक आज भिंतीवर खडूने लिहून ठेवा. शेजारी १०८ लिहा. ती सरकारी रुग्णवाहिका फुकट येते. छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, तर गावातली जीप कोणाची मोकळी आहे ते शोधत बसण्याआधी १०८ लावा.

आता आणखी एक काम. तुमच्या भागात योजनेतले दवाखाने कोणते, त्यांत हृदयाचा इलाज कोठे होतो आणि हाडांचा कोठे, हे आरोग्यमित्राकडून किंवा वरच्या क्रमांकावर विचारून दोन-तीन नावे लिहून ठेवा. मृगाआधी आपण पेरणीयंत्राचे फण तपासून ठेवतो ना? तसेच हे.

काय मिळत नाही?

अर्धी माहिती घेऊन गेलेला माणूस दवाखान्यातून चिडून परत येतो, म्हणून हेही सांगतो. दाखल न होता नुसते दाखवून औषध घेतले, तर त्याचा खर्च या कार्डात बसत नाही. गुडघ्याचे मलम, रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी यांसाठी हे कार्ड नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत.

आणि ती रोजची गोळी सोडू नका. "आता बरे वाटते" म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारे फार भेटतात. फवारणीने कीड दिसेनाशी झाली म्हणून शेताकडे फिरकणेच बंद केले तर काय होते, ते तुम्ही जाणता. कार्ड मोठ्या दुखण्यासाठी आहे. मोठे दुखणे येऊ नये, हे रोजच्या गोळीचे काम.

म्हाताऱ्या माणसाचा हिशेब

शेवटी जरा मनातले. आज सत्तरी गाठणारा माणूस १९५५-५६च्या सुमारास जन्मलेला आहे. १९७२च्या दुष्काळात तो सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याने खडी फोडली, बांध घातले, मिळेल ते खाऊन दिवस काढले. ज्या विहिरीवर आज आपण मोटर चालवतो, तिचा गाळ याच हातांनी काढलेला आहे. या पिढीला स्वतःवर खर्च करायची सवयच नाही. जनावर आजारी पडले तर डॉक्टर बोलावतील, स्वतःला ताप आला तर काढा पिऊन झोपतील.

ही माणसे दुखणे लपवतात ती भीतीने नव्हे, हिशेबाने लपवतात. मनातल्या मनात मांडतात, 'माझ्या ऑपरेशनला तीन लाख, म्हणजे नातीचे शिक्षण थांबले. माझे किती दिवस राहिलेत? राहू दे.' मुलांना हा हिशेब कधी दिसत नाही. त्यांना एवढेच दिसते, की बाबा हल्ली शेतावर कमी येतात, आई जेवण अर्धे टाकते.

म्हणून मला वाटते, या कार्डाचा पहिला उपयोग दवाखान्यात होत नाही, तो घरातच होतो. पैशाचा प्रश्न पुष्कळसा बाजूला झाला, की म्हातारे माणूस दुखणे बोलू लागते. एका गावात गोठ्यात पाय घसरून एका आक्कांचा खुबा मोडला. पूर्वी अशी बाई खाटेला खिळली म्हणजे खिळलीच, असे आपण धरून चालायचो. त्यांचे कार्ड तीन महिने आधी सुनेने हट्टाने काढून घेतले होते. ऑपरेशन झाले. मी गेलो तेव्हा त्या काठी टेकत अंगणात फिरत होत्या. मी विचारले, "आक्का, कसं काय?" तर म्हणाल्या, "पाय मोडला तवा आधी पैशाचंच भ्या वाटलं. सून म्हणाली, आत्याबाई, पैशाचं बोलू नका, कुठं दुखतंय तेवढं सांगा."

मुलांनो आणि सुनांनो, तुमच्यासाठी एवढेच. कार्ड काढायला चला म्हटले तर म्हातारी मंडळी नको म्हणतील. "मला काय धाड भरलीय?" म्हणतील. तेव्हा वाद घालू नका. बाजाराच्या दिवशी तालुक्याला नेताच ना, त्याच फेरीत केंद्रावर न्या. आणि ज्या घरी मुलगा जवळ नाही, शेजारीच दोघे म्हातारे एकटे राहतात, त्यांनाही आपल्या गाडीत बसवा. सोसायटीच्या सभेत, हरिनाम सप्ताहात, बचतगटाच्या बैठकीत कोणीतरी उठून विचारावे, "आपल्या गावात सत्तरीच्या वरचे किती, आणि कार्ड किती जणांचे झाले?" यादी करायला एक वही आणि एक तास पुरतो.

ज्यांना अजून सत्तर पुरी व्हायची आहेत, त्यांनी आधारातली तारीख वाचावी आणि ज्या दिवशी सत्तर भरतात त्या दिवसावर भिंतीवरच्या कालनिर्णयात खूण करावी. नव्या वर्षाचे आले की ती खूण त्यावर उतरवावी. नोकरदाराला निवृत्तीचा दिवस कचेरी लक्षात आणून देते. आपला आपणच लक्षात ठेवायचा.

कार्ड काढताना काही अडचण आली, तर सदराच्या पत्त्यावर लिहा. कोणत्या गावी, कोणत्या टप्प्यावर अडले तेवढे स्पष्ट कळवा, म्हणजे उत्तर देता येईल. पुढच्या अंकात नेहमीप्रमाणे शेताकडे वळू. हरभऱ्यावरची घाटेअळी ओळखायची कशी आणि पक्षीथांबे किती व कोठे लावायचे, याविषयी सांगेन.

तोवर राम राम.